दुसरं बोलावणं

आमच्या बिल्डिंगमधलं एकही पोर आप्पांच्या मंजुरीशिवाय वर्षाने मोठं झालेलं मी पाहिलं नाही. वाढदिवस जन्मतारखेवर ठरतो अशी बाकी जगाची समजूत आहे. आमच्या मांजर्लीच्या बिल्डिंगमध्ये तो आप्पांनी आमंत्रण पास केल्यावर ठरायचा.

आप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. उभा जन्म लोखंडाचे सुटे भाग डोळ्यांसमोर धरून "चालेल" आणि "परत पाठवा" एवढंच बोलले. रिटायर झाले, सुटे भाग संपले, पण बोलणं राहिलं. मुलगा पुण्याला, नातवंडं तिकडेच, घरात आप्पा आणि काकू दोघंच. मग माणसाने करावं काय? कुणी बागकाम करतं, कुणी भजनाला जातं. आप्पांनी लोकांच्या पोरांच्या वाढदिवसाची आमंत्रणं तपासायला घेतली.

दिसायला तसा किरकोळ माणूस. पण घरातसुद्धा सफारी, मानेला पावडर आणि बोलताना उजव्या हाताचं एक बोट सतत वर. "रीत आहे बाई, रीत!" हे पालुपद. ही रीत कुठली, कुणी घातली, ते विचारायची सोय नव्हती. बिल्डिंगच्या पायाचा खड्डा खणला तेव्हापासून आपण इथे आहोत, त्यामुळे प्रत्येक आमंत्रणाची सुरुवात पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दारापासून व्हायला हवी, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आणि लोकांनी ते मानलंही होतं, ही खरी गंमत.

दुसऱ्या मजल्यावर एक नवराबायको होते, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी मुलाच्या वाढदिवसाचा एसएमएस सगळ्यांना एकदम पाठवला. तेव्हा मोबाईल नवे नवे होते, आप्पांना मुलाने त्याचा जुना दिला होता. आप्पा मोबाईल दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ धरतात तसा, त्यांच्या दारात गेले. म्हणाले, "तुमच्याकडचं काहीतरी माझ्या यंत्रात सांडलंय. तेवढं उचलून घ्या." बिचारे दोघं ऑफिसातून दमून आलेले. तसेच कपाळाला आठी घालून खाली आले, आप्पांच्या सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि तोंडाने आमंत्रण करून गेले.

एकांनी कार्डं छापली. कार्डावर फुगे धरलेलं अस्वल. आप्पांनी ते लाल पेनाने खुणा करून परत पाठवलं. का? तर म्हणे, "यात निमंत्रक कुठे आहे? मला हे अस्वल बोलावतंय का?"

पण खरे हाल व्हायचे पोरांचे. वाढदिवसाचं पोर नवा फ्रॉक नाहीतर शर्ट घालून घरोघर सांगत फिरतं, 'संध्याकाळी सहाला या', हे आपल्याकडे सगळीकडे चालतं. आप्पांच्या दारात मात्र उलटतपासणी. "कुणी पाठवलं? आईने की बाबांनी? मला एकट्याला, की काकूंसकट? 'या' म्हणाले, की 'यायलाच पाहिजे' म्हणाले?" तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा रडत घरी गेला आणि आईला म्हणाला, "आप्पा म्हणतात मी आमंत्रण नाहीये, मी नुसता निरोप आहे." त्या माउलीने पोराचे डोळे पुसले आणि स्वतः खाली जाऊन रीतसर बोलावून आली. तिथे पाट्यावरवंट्यातलं काहीतरी आप्पांना फेकून मारायला हवं होतं. पण नाही.

रिटर्न गिफ्टचाही त्यांना भारी संताप. कुणीतरी प्लास्टिकची कंपासपेटी हातात ठेवली, तर ती टेबलावर ठेवून आले. "मी तुमच्या मुलाला दिलं, तुम्ही लगेच मला दिलं. फिटाफीट झाली. मग मी आलो तो कशाला आलो?" मला विचाराल तर या एका बाबतीत मात्र आप्पांचं बरोबर होतं. उल्हासनगरच्या होलसेल बाजारात माझं लहानपण गेलंय. त्या कंपासपेट्यांची झाकणं दुसऱ्या दिवशी हातात येतात, मला माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, लोक ऐकून का घ्यायचे? मीही सुरुवातीला हाच विचार करायची. पाठीमागे सगळे त्यांना हसायचे, जिन्यात त्यांच्या बोटाची नक्कल करायचे. पण आप्पा सोयीचे होते हो! कुणाकडे जायचं नसलं की आप्पांनी आमंत्रणात खोट काढलेलीच असायची. "आम्ही आलो असतो गं, पण आप्पा म्हणाले..." असं म्हटलं की झालं. स्वतःच्या तोंडाने वाईट व्हायला नको. एवढा उपयोगी म्हातारा कोण सोडतो?

आम्ही तिथे राहायला आलो ते तळमजल्यावर. मोठा पूर येऊन गेला होता. नदीचं पाणी तळमजल्याच्या पंख्यापर्यंत चढलेलं, त्याची रेघ जिन्याच्या भिंतीवर रंगातूनसुद्धा दिसायची. त्या रेघेमुळेच जागा आमच्या आवाक्यात आली. आमचे हे अंबरनाथला एमआयडीसीत शिफ्टला, मी उल्हासनगरला एका दुकानाचे हिशेब लिहायची. उल्हासनगरच्याच कॅम्पातल्या एका खोलीतून दोन खोल्यांत आलो म्हणून आम्ही खूश.

सामान लावत होतो तेव्हाच आप्पा दारात येऊन उभे राहिले. आत नाही आले, उंबऱ्याबाहेर.

"आडनाव?"

सांगितलं.

"मूळ गाव?"

सांगितलं. मग त्यांची नजर भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोवर गेली, तिथून खालच्या बुद्धमूर्तीवर आली आणि तिथून घाईघाईने खिडकीकडे गेली.

"असं असं," आप्पा म्हणाले. "छान. जागा हवेशीर आहे."

पुरानंतरच्या त्या खोलीला कुबट वास येत होता, भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा. पण आप्पांना ती हवेशीर वाटली.

त्या वर्षी आमच्या प्रज्ञाला एकाही वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही. वरून गाणी ऐकू यायची, फुगे फुटायचे, जिन्यातून पोरं केकची कागदी ताटली चाटत खाली यायची. ही दाराच्या जाळीला नाक लावून उभी. "मम्मी, आपण खाली राहतो म्हणून त्यांना दिसत नाही का?" असं तिने विचारलं. मी तिला म्हटलं, हो, तसंच असेल.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला मी गाठलंच. सरळ विचारलं. ती लगबगीने म्हणाली, "अगं, तसं काही नाही हं! तुम्ही नवीन ना? आप्पा म्हणतात, नव्या बिऱ्हाडाने आधी बोलवायचं, मग जुन्यांनी. रीत असते तशी. तुमच्याकडचा पहिला वाढदिवस होऊ दे, मग काय, रोजचंच जाणंयेणं!"

म्हटलं, ठीक आहे. रीत तर रीत. प्रज्ञाला सातवं लागणार होतं. पोरीला एकच हवं होतं, बिल्डिंगमधली मुलं आपल्या घरी यावीत. ते मी तिला देणार होते, मग त्यासाठी त्या म्हाताऱ्याच्या सोफ्यावर बसून पेलाभर पाणी प्यावं लागलं तरी बेहत्तर.

पहिल्यांदा प्रज्ञाच गेली, चॉकलेट घेऊन. ते रिजेक्ट होणार हे मला माहीत नव्हतं, आम्ही नवीन. "निरोप पोचला, आमंत्रण बाकी आहे," असं ऐकून ती परत आली. मग मी आप्पांना जिन्यात सांगितलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. आप्पांनी पिशवीकडे बघत मान हलवली. "वाटेतलं झालं हे. वाटेत माणूस भाव विचारतो, आमंत्रण करत नाही." तरी मी शांत. यांना रविवारी इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, मी साडी नेसले आणि आम्ही दोघं वर गेलो. बेल वाजवली, बसलो, काकूंनी पाणी दिलं, चहा दिला, नेहमीच्याच कपबशीत दिला, हेही सांगायला हवं. काकू म्हणजे कमी बोलणारी, आप्पांच्या मागून दोन पायऱ्या अंतर ठेवून चालणारी बाई. मी म्हटलं, "आप्पा, काकू, शनिवारी सहाला प्रज्ञाच्या वाढदिवसाला तुम्ही दोघांनी यायलाच पाहिजे."

आप्पांनी आमंत्रण उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं असावं. खोट सापडेना. मग म्हणाले, "केक?"

"बिनअंड्याचा. उल्हासनगरहून, आमच्या ओळखीच्या सिंधी बेकरीतून."

"समोसे?"

"स्टेशनजवळचे."

"म्हणजे घरचं काही नाही ना?"

यांचा हात कपावर थांबला. मी यांच्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, "नाही आप्पा. सगळं बाहेरचं."

"उत्तम," आप्पा म्हणाले. चेहरा एकदम खुलला. "मुलांना बाहेरचंच आवडतं."

खाली येताना हे म्हणाले, "अजून बोलव." मी म्हटलं, "बोलावणार. माझ्या पोरीसाठी बोलावणार." आणि मग मी चारही मजल्यांवर तसंच, बेल वाजवून, बसून, पाणी पिऊन बोलावलं. सगळे म्हणाले, येणार, येणार.

शनिवारी सकाळी बुद्धवंदना झाली, खीर केली. दुपारी फुगे लावले. यांनी पुराची रेघ झाकायला बाहेरच्या भिंतीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. सहाला केक टेबलावर, समोसे झाकून, सतरंजी अंथरून तयार. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. प्रज्ञा दारात उभी राहून कंटाळली, मग पायरीवर बसली, मग आत येऊन केकसमोर बसली. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मम्मी, आपणच कापू या का?" म्हणाली. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज या म्हाताऱ्याला सोडत नाही.

पहिल्या मजल्यावर गेले तर आप्पांचं दार सताड उघडं. दारासमोर खुर्ची, खुर्चीवर आप्पा, ठेवणीतला सफारी, मानेला पावडर आणि मांडीवर चमकत्या कागदात गुंडाळलेली भेटवस्तू. मागे काकू, चांगली साडी नेसून, गजरा माळून उभी.

मी चक्रावलेच. "आप्पा, तुम्ही तयार होऊन बसलाय?"

"केव्हाचे!" आप्पा म्हणाले. तेच माझ्यावर चिडलेले. "पावणेसहापासून ताटकळतोय. बोलावणं कुठंय?"

"बोलावणं? अहो, तीन वेळा केलं!"

बोट वर गेलं. "ते आमंत्रण. बोलावणं निराळं. पानं मांडून झाली की यजमानाकडचं माणूस येतं, 'चला, पानं वाढलीत' म्हणतं, मग पाहुण्याने उठायचं. आमंत्रणावर कुणी उठतं का? आपण काय भुकेले आहोत? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, बोलावणं आल्याशिवाय एकानेही खाली उतरायचं नाही. उगाच तुमची पंचाईत नको."

मी जिन्यातून वर पाहिलं. प्रत्येक मजल्यावरची दारं किलकिली. फटीफटीत नवे कपडे घातलेली पोरं, हातात भेटींच्या पुड्या, तोंडं वैतागलेली. बँकवाली कठड्यावरून डोकावत होती, मी बघताच मागे सरकली. म्हणजे सगळे तयार होते. सगळे बसून होते. आणि माझी पोर खाली केकसमोर एकटी.

"आप्पा," मी म्हटलं, "गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावर वाढदिवस झाला. तुम्ही सहाच्या ठोक्याला वर गेलात, मी पाहिलंय. तेव्हा कुठे आलं होतं दुसरं बोलावणं?"

आप्पांना माझा प्रश्नच कळला नाही. प्रामाणिकपणे कळला नाही. "त्यांचं काय," ते म्हणाले. "ते घरातलेच."

आता सांगा, काय करायचं होतं मी? 'चला आप्पा, पानं वाढलीत' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पोरीसाठी मी तेही म्हटलं असतं, जिभेवर आलेच होते. पण मग दर वर्षी बाकीच्यांना एकदा आणि आम्हाला दोनदा, हे माझ्या तोंडूनच पक्कं झालं असतं. आणि प्रज्ञा मोठी होऊन तीही दोनदा जिने चढली असती. मला ते सहन होईना.

मी कॅम्पात वाढलेली बाई. तिथे आमच्या गल्लीतली सिंधी आंटी वाढदिवसाला घरोघर जात नसे. गॅलरीत उभी राहायची आणि ओरडायची. मी पदर खोचला, तोंड जिन्याकडे वर केलं आणि तिच्याच आवाजात ओरडले, "ए बच्चालोग! केक कापतेय! पाच मिनिटांत जो येईल त्याला मिळेल, नाहीतर आम्ही खाऊन टाकणार! पळा!"

आई शप्पथ सांगते, धरण फुटल्यासारखी पोरं सुटली. वरून "अरे थांब!", "अगं, आप्पा काय म्हणतील!", "चपला तरी घाल!" असं चाललेलं, पण ऐकतो कोण? आप्पांच्या खुर्चीला वळसा घालून, धडाधड उड्या मारत सगळी खाली. पोरांमागे आया आल्या, कारण पोरांच्या हातातल्या पुड्या फाटत होत्या. सगळ्यात आधी बँकवाली. "बघ ना, आम्ही कधीचे निघालेलो!" म्हणत. मी सुरी हातात घेतली. केक कापायचा होता.

आप्पा आले नाहीत. ओरडून केलेलं बोलावणं सर्वांना असतं, म्हणजे कुणालाच नसतं, असं काहीतरी पुटपुटत ते खुर्चीवर तसेच बसून राहिले. हे मला काकूंनी सांगितलं. हो, कारण काकू आल्या.

केक कापून झाला होता. दारात बघते तर काकू एकट्या, हातात ती चमकता कागद लावलेली भेट. "त्यांच्या मांडीवरून उचलून आणली," म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते." पन्नास वर्षांच्या संसारात त्या आप्पांच्या पुढे पायरी उतरल्या असतील तर याच दिवशी. गुडघे धरत सतरंजीवर बसल्या, प्रज्ञाला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "घरचं काही केलंयस का गं? त्या स्टेशनच्या समोशाने मला पित्त होतं."

मी म्हटलं, "खीर आहे सकाळची. पण आप्पांना..."

"त्यांना विचारलं का मी? आण."

प्रज्ञाने तोवर कागद फाडला होता. आत स्टीलची वाटी. काठाखाली मशीनने नाव घातलेलं, 'चि. प्रज्ञा हिस सप्रेम भेट.' म्हणजे म्हाताऱ्याचं यायचं नक्की होतं. बाजारात जाऊन, उभं राहून, माझ्या लेकीचं नाव नीट घालून घेतलं होतं. मला कळेना, आता राग धरू की सोडू. काकू म्हणाल्या, "यातच घाल खीर. विसळून घे तेवढी, दुकानातली आहे."

खीर खाता खाता त्यांनीच सांगितलं. आप्पा लहान असताना कुठल्याशा मुंजीत घाईने पंगतीत जाऊन बसले होते. वाढपी म्हणाला, याला कुणी बोलावलं? पानावरून हाताला धरून उठवलं. तेव्हापासून माणूस असा झालाय. "मनाला लावून घेतलं गं त्यांनी," काकू म्हणाल्या.

वाईट वाटलं मला, नाही असं नाही. एवढंसं पोर, पानावरून उठवलेलं. पण माझीही जीभ काही थांबत नाही. म्हटलं, "काकू, माझ्या आजोबांना कुणी पानावरून उठवलं नाही. कारण बसवलंच नव्हतं. ते लांब उभे असायचे, पंगती उठेपर्यंत. तरी ते जन्मभर घरी येईल त्याला हाताला धरून आत आणायचे."

काकूंनी चमचा वाटीत ठेवला. सतरंजीवर पोरांनी गोंगाट मांडला होता, प्रज्ञा मधोमध, तोंडाला क्रीम, कुणाच्या तरी डोक्यावर फुगा आपटत होती. "हो," काकू म्हणाल्या. "ते त्यांना कुणी सांगितलं नसेल."

तेवढ्यात वरून हाक आली. खुर्चीतूनच, पण जिना दणाणला. "अगं ए! ऐकलंस का? बोलावणं आलं का?"

सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तोंडातला घास गिळला आणि त्या बाईचा आवाज मी प्रथमच मोठा ऐकला.

"नाही आलं! बसा तिथेच!"

मग वाटी माझ्यापुढे करून हळूच म्हणाल्या, "अजून आहे का गं थोडी?"